खालचा थर

दवाखान्याचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापायचं टेबल खिडकीपासून थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलेलं होतं. टेबलाच्या एका बाजूला कटिंग मास्तर आणि बाकीचे कापणारे उभे राहत. पलीकडच्या बाजूला मावशी एकटीच, कारण ती डावरी. तिचं कोपर शेजारच्याच्या कोपराला लागायचं, खडूची रेघ हलायची आणि कुठल्या तरी डॉक्टरचा डगला एका बाजूनं आखूड व्हायचा. म्हणून मास्तरांनीच फार वर्षांपूर्वी पलीकडचा काठ तिला देऊन टाकला होता. दोघं समोरासमोर वाकून कापडाला कात्री लावायला लागले, की नव्या माणसाला वाटायचं, मध्ये आरसा उभा केलाय.

मोठी कापणी यंत्रानं व्हायची. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, थप्पी वीतभर उंच झाली की वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूनं आखायचं आणि मास्तर यंत्राचं उभं पातं त्यातून फिरवायचे. अडनिडे कपडे मात्र हातानं कापावे लागत. फार जाड माणसाचा डगला, लहान मुलांचे सदरे, नव्या गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. ते काम मावशीचं. बाही जिथं जोडतात ती मुंढ्याची गोलाई तिच्या हातून अशी उतरायची, की शिवणाऱ्या बायका तुकडा हातात घेतल्याबरोबर ओळखत.

थप्पी कापून झाली की मास्तर वरचा तुकडा कधीच बघत नसत. थप्पी उलटी करत आणि सगळ्यात खालचा थर साच्याला लावून बघत. वरचा थर सगळ्यांचाच बरोबर येतो, असं त्यांचं म्हणणं. कापड खालून सरकतं आणि वरून ते कळत नाही. हे वाक्य ऐकून ऐकून मावशीच्या अंगात इतकं मुरलं होतं, की ती घरी चादरींच्या घड्याही खालून तपासायची.

कारखान्यात तिला सगळेच मावशी म्हणत, पण सख्खी मावशी ती एकीचीच होती. थोरल्या बहिणीची मुलगी लहानपणी साळुंकीसारखी अखंड बोलायची, म्हणून तिचं नाव साळू पडलं. ती शिकायला म्हणून मावशीकडे आली आणि शिक्षण संपल्यावरही राहिली. मावशीचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या घरातल्या भिंतींना कान होते, पण इतकी वर्षं ते उपाशीच होते, साळू आल्यापासून त्यांचं भागलं, असं मावशी मास्तरांना सांगायची.

वेबसाइटची कल्पना साळूचीच. एका रविवारी मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडद्याचं कापड कापत होती आणि साळूनं गंमत म्हणून तिच्या हाताचं चित्रण करून इंटरनेटवर टाकलं. नुसता डावा हात, कात्री आणि कापड. ते पाहून कुणीतरी विचारलं, माझी मुलगी डावरी आहे, तिला कात्री धरायला कसं शिकवू? साळूनं मावशीला विचारून उत्तर लिहिलं. मग दुसरं विचारणं आलं, तिसरं आलं. होता होता डावऱ्या लोकांसाठी एक अख्खी साइट उभी राहिली. कापणं, विणणं, बटण लावणं, डबा उघडणं, वहीवर हात न फासता लिहिणं. मावशी बोलायची, साळू ते जगातल्या जास्तीत जास्त लोकांना कळेल अशा भाषेत उतरवायची. "मी एक वाक्य बोलते आणि तू चार लिहितेस," मावशी म्हणायची. साळू म्हणायची, तीन माझी, फुकट दिली.

त्या साइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान कात्रीचं होतं आणि त्यामागं मावशीचं अर्धं आयुष्य होतं. उजव्या हाताच्या कात्रीत उजवीकडचं पातं वर असतं. ती डाव्या हातात धरली, की अंगठ्याच्या दाबानं पाती एकमेकांना भिडायच्या ऐवजी फाकतात. कापड कापलं न जाता दोन पात्यांमध्ये दुमडतं. शिवाय वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवरच आडवं येतं, त्यामुळं कापणाऱ्याला रेघ दिसत नाही. मावशी लहानपणापासून अशाच कात्र्यांनी कापत आली होती. अंगठा उलटा ओढून पाती जुळवायची, मान वाकडी करून रेघ शोधायची. तिला वाटायचं, कापणं हे असंच असतं, सगळ्यांचीच मान संध्याकाळी दुखते. मग एकदा मास्तरांनी यंत्रं विकायला आलेल्या माणसाकडून खास डाव्या हाताची कात्री मागवून दिली. डावं पातं वर असलेली. मावशीनं पहिला काप घेतला, रेघ समोर लख्ख दिसली, पाती आपली आपण भिडली आणि ती तिथंच स्टुलावर बसली. मास्तरांनी घाबरून पाणी मागवलं. तिला काही झालं नव्हतं. इतकी वर्षं आपल्या हाताला जी नावं ठेवली, ती उगाच ठेवली, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं.

हे सगळं साळूनं त्या पानावर लिहिलं होतं. साहजिकच वाचणारे विचारायचे, ही कात्री मिळते कुठं?

आणि तिथंच कमाईचा प्रश्न आला. साळूनं विमा कंपनीतली नोकरी सोडली होती. साइट पायावर उभी करते, असं तिनं आईला सांगितलं होतं. आईनं वर्षाची मुदत दिली. वर्षअखेरपर्यंत जमलं नाही, तर साळूच्या काकांनी दूरच्या शहरात बोलून ठेवलेली नोकरी घ्यायची आणि तिकडं जायचं. मावशीची बहीण बोलायला फटकळ. "तुझा डावा हात आणि तिचं डोकं, हात दाखवून अवलक्षण नाही झालं म्हणजे मिळवली," असं ती फोनवर म्हणाली होती. साइटवर कापण्यापासून डब्यापर्यंत काय काय आहे हे ऐकून तिनं आणखी एक म्हण जोडली होती, एक ना धड भाराभर चिंध्या. मावशी हसली होती. पण फोन ठेवल्यावर तिनं कपाटावरच्या बॅगेकडे पाहिलं. साळू आली तेव्हा जी बॅग घेऊन आली होती, ती अजून तिथंच होती. साळू गेली तर घर पुन्हा पूर्वीसारखं होणार होतं, आणि पूर्वीसारखं म्हणजे काय, हे मावशीला चांगलं ठाऊक होतं.

कमाईचा मार्ग साळूनं तिला समजावला. त्याला अ‍ॅफिलिएट म्हणतात. आपण आपल्या पानावर दुकानाची लिंक द्यायची. वाचणारा त्या लिंकवरून दुकानात गेला आणि त्यानं वस्तू घेतली, की दुकान आपल्याला कमिशन देतं.

मावशीनं विचारलं, "म्हणजे मी दलाल?"

साळू म्हणाली, "मास्तर नव्या कापणाऱ्याला सांगतात ना, अमक्या दुकानातून खडू आण? त्यांना तो दुकानदार काही देत नाही. आपल्याला देईल, एवढाच फरक."

मावशीनं थोडा विचार केला आणि एकच अट घातली. हातात धरून कापून बघितल्याशिवाय कुठल्याही कात्रीचं नाव घ्यायचं नाही.

अडचण अशी होती, की साइट वाचणारे बहुतेक लोक परदेशातले होते. साळूनं नकाशा दाखवला. जिथून कुणी वाचतं तिथं ठिपका. त्यांच्या स्वतःच्या देशात मोजके ठिपके आणि बाकी जगभर तीळ सांडावेत तसे. पहिल्यांदा त्यांनी गावातल्याच एका दुकानाची लिंक दिली. लोक आवडीनं जायचे आणि तिथं पाटी वाचायचे, आम्ही तुमच्या देशात माल पाठवत नाही. मग परदेशातल्या एका कात्री बनवणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली. त्यांची कात्री सुरेख होती, ते जगात कुठंही पाठवत, पण टपालखर्च कात्रीपेक्षा जास्त. नाकापेक्षा मोती जड.

तिसरा पर्याय एका भल्यामोठ्या ऑनलाइन बाजाराचा होता. पुष्कळ देशांत त्यांच्या शाखा. त्यांची योजना ऐकून साळू खुर्चीतून उठून उभी राहिली होती. आपण लिंक एकच द्यायची. वाचणारा ज्या देशातला असेल, त्या देशातल्या शाखेत ती आपोआप त्याला घेऊन जाणार. टपालखर्च नाही, वेगवेगळे हिशेब नाहीत. मावशीनं अटीप्रमाणे त्यांची कात्री मागवली. आली. उघडून पाहिलं तर डावं पातं वर. तिनं जाड सुती कापडाच्या चार पदरांतून मुंढा कापला, कड उजेडात धरून बघितली आणि मान डोलावली.

लिंक लावली आणि बघता बघता कमाई वाढायला लागली. साळू रोज संध्याकाळी मावशी दारात चप्पल काढायच्या आत आकडा सांगायची. बहिणीच्या फोनमधला सूर बदलला. एकदा तर ती चक्क म्हणाली, पोरीनं नाव काढलं. मावशीनं कपाटावरच्या बॅगेवरची धूळ पुसायचं सोडून दिलं. तिला वाटलं, बसू दे तिच्यावर धूळ.

हे सगळं चाललं असताना एका बाईचा निरोप आला. ती समुद्रापलीकडच्या एका देशात राहणारी, आठ वर्षांच्या मुलीची आई. साळूनं तो मावशीला वाचून दाखवला. मुलगी डावरी आहे, ती तुमच्या हाताची चित्रणं पुन्हा पुन्हा बघते, तुम्ही सांगितलेली कात्री आम्ही वाढदिवसाला घेतली. तिनं कापडाचा मासा कापायला घेतला आणि जमेना. दुपारभर बसली होती. शेवटी म्हणाली, त्या आजींच्या डाव्या हाताला जमतं, म्हणजे माझाच हात वाईट आहे. तिला काय सांगू? निरोपाबरोबर त्या माशाचा फोटो होता.

मावशीनं फोटो मोठा करायला लावला. माशाची शेपटी ठीक होती, तिथं सरळ काप होता. पण पाठीच्या गोलाईवर कड चावल्यासारखी झालेली. मध्येच कापड दुमडलेलं, मध्येच सुटलेलं.

"ही उजवी कात्री आहे," मावशी म्हणाली.

साळू म्हणाली, असं कसं होईल, आपण स्वतः मागवून पाहिलीय. पोरगी लहान आहे, चुकत असेल. मावशी त्या माशाकडे बघत राहिली. तसली कड तिनं स्वतःच्या हातून किती काढली होती. साळूनं त्या बाईला कात्रीचा फोटो पाठवायला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी आला. जाड मऊ मुठी असलेली कात्री, दोन्ही भोकं सारखी, डब्यावर लिहिलेलं की दोन्ही हातांना चालते. आणि पातं उजवं वर. मूठ कुठल्याही हातात मावत होती, पण पाती उजव्याचीच होती. दुधाची तहान ताकावर भागवावी, तर इथं भांड्यात ताकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मावशीनं एकच मुंढा दोनदा आखला. मास्तरांनी विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं. कापायचं यंत्र सोडून जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राशी मास्तरांचं सख्य नव्हतं. त्यांना लिंक म्हणजे काय ते शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. ते म्हणाले, कंपनीनं फसवलं असेल, दे सोडून. पण मावशीच्या मनातून ते जाईना. कात्री आपण कापून बघितली होती, ती चांगलीच होती. मग घोडं पेंड खातंय कुठं?

ते सापडलं साळूला. संध्याकाळी मावशी घरी आली, तर साळूनं नेहमीप्रमाणे आकडा सांगितला नाही. तिनं मावशीला संगणकासमोर बसवलं.

"आपण वरचाच थर बघितला, मावशी," ती म्हणाली.

आपण इथं बसून लिंक उघडली, म्हणून आपल्याला इथल्या शाखेतली कात्री दिसली. तिच्यावरून आपण धरून चाललो, की सगळीकडे तीच जात असेल. एका साच्यावर थप्पी कापली की सगळे थर सारखे, तसं. मावशी काय ते लगेच समजली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. उभी हयात ज्या टेबलावर काढली, तिथला पहिला धडा ती घरी येऊन विसरली होती.

साळूनं मग संगणकाला सोंग घ्यायला लावलं. म्हणजे संगणक आपल्या स्वयंपाकघरातच होता, पण बाजाराला मात्र वाटावं, की हा अमक्या देशातून आलाय. ती एकेक देश घेत गेली आणि तीच लिंक उघडत गेली. पहिल्या देशात कात्री बरोबर निघाली. दुसऱ्यातही बरोबर. तिसऱ्यात ती दोन्ही हातांची मऊ मुठीची. तिथल्या शाखेत मूळ कात्री नव्हती, म्हणून बाजारानं आपल्या अकलेनं जवळची वस्तू पुढं केली होती. चौथ्या देशात मासळी साफ करायची कात्री. पाचव्यात झाडांच्या फांद्या छाटायची, लांब दांड्यांची, दोन हातांनी धरायची. मावशीला हसू आलं. "ही खरी दोन्ही हातांची," ती म्हणाली. पण पुढच्या देशात उजवीच निघाली, त्याच्या पुढच्यात नुसतं कोरं पान, आणि मग तिला हसू येईना. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तिच्या शब्दावर विसंबून गेलं होतं. चौथ्या आणि पाचव्या देशातल्या माणसांना निदान चूक दिसली असेल. मऊ मुठीची कात्री घेणाऱ्यांना ती दिसणार नव्हती. ते आपल्या हाताला दोष देत बसणार होते.

त्या संध्याकाळी दोघींचं वाजलं. मावशीचं म्हणणं, लिंक आत्ताच्या आत्ता काढ. साळूचं म्हणणं, दुसरी सोय होईपर्यंत राहू दे, वर्ष संपत आलंय, आईला काय सांगू? चुकीची कात्री जाते त्या देशांतूनच सगळ्यात जास्त विक्री होतेय, ती बंद झाली तर साइट पुन्हा जमिनीवर येईल. तुला कळतंय का, मी जाणार मग.

मावशीला कळत होतं. तेच तर सगळ्यात आधी कळलं होतं. ती थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून नख फिरवत बसली.

"साइट तुझी आहे," ती म्हणाली. "पण हात माझा आहे, साळू. त्या पोरीनं माझ्या हाताकडे बघून कात्री घेतली."

साळू उठून आतल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी ती बोलली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. साळुंकी मुकी झाली आणि भिंतींचे कान पुन्हा उपाशी राहिले. मावशीनं लिंकचा विषय काढला नाही. साळूला इथं थांबवून घ्यायला हा एकच मार्ग हातात असावा आणि तोच आपण आपल्या हातानं तोडायला सांगावा, याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. पण त्या माशाची पाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती.

शेवटी साळूनं आपणहून लिंक काढली. नुसती काढली नाही, तर त्याच जागी लिहिलं, की आमच्या शब्दावर ज्यांना चुकीची कात्री मिळाली असेल, त्यांनी ती परत करावी आणि डावं पातं वर आहे का ते आधी बघावं. कसं बघायचं याचा मावशीच्या हाताचा फोटोही लावला. परत आलेल्या मालावरचं कमिशन कंपनी काढून घेते, हे तिला माहीत होतं. काही दिवसांनी तो आकडा उताराला लागल्यासारखा खाली आला. त्यातूनच एक गोष्ट उघड झाली. कात्र्या आधीपासूनच बऱ्याच परत येत होत्या. साळू रोज जी कमाई सांगत होती, तिच्यातली पुष्कळशी पुढच्या महिन्यात गळून जायचीच होती. डोंगर लांबूनच साजरा होता.

मग दोघी नव्यानं कामाला बसल्या. या खेपेला सगळ्या जगाला एकच लिंक द्यायची नाही, असं ठरलं. जिथं मोठ्या बाजारात खरी डावी कात्री होती, तिथं तोच बाजार. जिथं नव्हती, तिथं त्या देशातलं दुसरं एखादं दुकान शोधायचं. पण त्या दुकानांच्या कात्र्या मावशीच्या हातात यायच्या कशा? तिची अट तर मोडायची नव्हती. यावर तोडगा मावशीनं काढला. आपल्या हाताला तिकडं जाता येत नाही, तर तिकडचे डावे हात आहेतच की. तिनं साळूला लिहायला लावलं, की ज्यांच्याजवळ तिथल्या दुकानातली डावी कात्री असेल, त्यांनी सुती कापडाची दुहेरी घडी करून त्यातून एक अर्धगोल कापावा आणि खालच्या घडीचा फोटो पाठवावा. खालच्याच, वरच्या नको.

फोटो यायला लागले. काहींना फोटोवर भरवसा वाटला नाही, त्यांनी कापडच टपालानं पाठवलं. टपालवाला विचारायचा, तुमच्याकडे सगळं जग चिंध्या का पाठवतं? मावशी कारखान्यातून आली, की खिडकीपाशी बसून एकेक तुकडा उजेडात धरायची. ही कड स्वच्छ आहे, हे दुकान घे. ही चावलीय, हे नको. या माणसाचा हात थरथरतो, म्हातारा असेल, पण कात्री बरोबर आहे.

एका देशात जे दुकान सापडलं, ते एका कुटुंबाचं होतं. त्यांची कात्री मावशीला फार आवडली. पण त्यांच्याकडे कमिशनची योजनाच नव्हती. साळूनं पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, की आम्ही दोघं नवराबायको आहोत, हे कसं करतात आम्हाला माहीत नाही, पण तुम्ही दोघी कधी आलात तर चहा नक्की देऊ. साळूनं डोक्याला हात लावला. मावशी म्हणाली, लिंक दे. मग साळूनं तीही दिली, आणि शेजारी लिहिलं, की या दुकानाकडून आम्हाला काहीही मिळत नाही. लिहिताना ती पुटपुटली, "चहा सोडून."

जिथं काहीच सापडलं नाही, त्या देशांसाठी पानावर सरळ कबूल केलं, की तुमच्याकडे चांगली डावी कात्री कुठं मिळते हे आम्हाला माहीत नाही, तुम्हाला कळलं तर सांगा.

कमाई पुन्हा सुरू झाली, पण मुंगीच्या पावलानं. आता माल परत येत नव्हता, म्हणून आलेलं टिकत होतं, एवढंच. एका माणसाचं पोट त्यावर भरेल असं काही दिसत नव्हतं. वर्ष संपलं. काकांनी दूरच्या शहरातल्या नोकरीचं पत्र पाठवलं आणि उत्तर द्यायचा दिवस ठरवून दिला.

त्या दिवशी मावशी सकाळी लवकरच कारखान्यात गेली. आपल्या तोंडाकडे बघून साळूनं काही ठरवू नये, असं तिला वाटत होतं. दिवसभर तिनं लहान मुलांचे सदरे कापले. सुट्टी झाली तरी ती तुकड्यांच्या घड्या घालत राहिली. त्या घड्या दुसऱ्या कुणीही घातल्या असत्या. मास्तर टोपी घालून दारापर्यंत गेले आणि परत आले.

"खालचा थर बघायची भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, वाटते. मास्तर म्हणाले, बघावा तर लागतो. त्यांनी दिवे मालवले, त्यामुळं तिला निघावंच लागलं.

घराचं दार उघडलं, तर कपाटावर बॅग नव्हती. ती साळूच्या पलंगावर होती, उघडी. मावशी उंबऱ्यावरच थांबली. मग तिनं पायातल्या चपला काढल्या, एकीवर एक पडलेल्या सरळ केल्या आणि चेहराही तसाच सरळ करून आत आली.

बॅगेत कपडे नव्हते. जगभरातून आलेले कापडाचे तुकडे होते, देशादेशांचे वेगळे गठ्ठे करून, प्रत्येकाला दोरा बांधून ठेवलेले. स्वयंपाकघरातल्या डब्यांमधून, खिडकीतून, मावशीच्या उशाखालूनही साळूनं ते गोळा केले होते.

"आई म्हणायची ना, भाराभर चिंध्या," साळू म्हणाली. "ठेवायला जागा नव्हती."

मग तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यावरच्या छापखान्यात सकाळचं काम धरलंय, लग्नपत्रिका आणि पाट्यांचा मजकूर जुळवायचं. दुपारनंतर साइट. काकांना नाही म्हणून कळवलं. पगार विमा कंपनीपेक्षा कमी आहे, हे आधीच सांगते, नंतर कुरकुर करायची नाही. भाडं अर्धं अर्धं.

मावशीनं विचारलं, "ताई काय म्हणाली?"

"म्हणाली, मावशीवर गेलीस."

"म्हणजे रागावली."

"चांगलीच."

मावशी पलंगावर बॅगेशेजारी बसली. तिला पुष्कळ काही बोलायचं होतं, पण घरातलं बोलण्याचं खातं साळूकडे होतं. तिनं एवढंच विचारलं, की पुढंमागं कुठं जायची वेळ आली, तर बॅग लागेल ना? साळू म्हणाली, तेव्हा रिकामी करू, आत्तापासून कशाला.

मावशीनं सवयीनं वरचे गठ्ठे बाजूला सारले, हात तळापर्यंत घातला आणि सगळ्यात खालचा तुकडा काढला. तो साळूनं मुद्दाम पहिला ठेवला होता. निळ्या कापडाचा मासा होता, त्याच मुलीनं नव्या कात्रीनं कापून पाठवलेला. एक डोळा खडूनं काढलेला, दुसरा विसरलेला. शेपूट वाकडी, तोंड जरा जास्तच मोठं. मावशी तो खिडकीपाशी घेऊन गेली, राहिलेल्या उजेडात धरला आणि पाठीच्या गोलाईवरून अंगठा फिरवला.

कड स्वच्छ होती.